सामायिक साठवण, वेगळे विभाग : भोसरीतल्या सर्व्हरच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आजची स्थिती अशी : भोसरीतला कारखाना, चार विभाग (डिझाइन, गुणवत्ता, लेखा, मनुष्यबळ), जुना विंडोज फाइल सर्व्हर एकच आणि त्यावर 'कॉमन' नावाचं एकच शेअर (नेटवर्कवरून उघडणारा सामायिक फोल्डर). त्यावर 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकार. आतल्या काही फोल्डरांवर वेळोवेळी कुलपं लावलेली आहेत, पण ती टिकलेली नाहीत. याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. एनटीएफएसवर (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) फाइल एकाच ड्राइव्हमध्ये एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलवली, तर ती जुन्या परवानग्या घेऊनच जाते. कॉपी केली, तरच नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात. त्यामुळे मोकळ्या फोल्डरात तयार झालेली पगाराची एक्सेल शीट नंतर बंद फोल्डरात हलवली, तरी ती मोकळीच राहते. एकाच फाइल सिस्टिमवर फोल्डर-फोल्डरने विभागणी करायची नाही, हा निर्णय इथेच झाला. प्रत्येक विभागाला स्वतंत्र फाइल सिस्टिम.

काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, तेही आजच लिहून ठेवलं. आपल्या विभागाची फाइल उघडली एवढ्यावर समाधान मानायचं नाही. दुसऱ्या विभागाच्या संगणकावरून, दुसऱ्या विभागाच्या लॉगिनने, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे अधिकार असलेल्या माणसाकडूनही ती उघडली नाही पाहिजे.

भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सर्व्हर बंद करावा लागेल अशी सगळी कामं गुरुवारी.

३ जून, मंगळवार

नव्या लिनक्स सर्व्हरच्या जागेचा हिशेब. फाइल सिस्टिम झेडएफएस; ती सगळ्या डिस्कचा एक साठा ('पूल') करून त्यातून वेगवेगळे भाग देते. १६ टीबीच्या १२ डिस्क, सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गट रेडझेड-२ (गटातल्या कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो). डेटासाठी उरतात ८ डिस्क. डिस्कवर छापलेले १६ टीबी दशमान पद्धतीचे असतात, सर्व्हर मोजतो द्विमान. म्हणजे एका डिस्कचे १४.५५ टीआयबी, आठांचे सुमारे ११६. झेडएफएस पूल ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायचा नाही, म्हणून वाटपाला ९३.

कोटा ठरवताना दोन वेगळे आकडे लागतात आणि गोंधळ नेमका इथेच होतो. 'कोटा' या मर्यादेत स्नॅपशॉट (डेटाच्या एखाद्या क्षणीच्या गोठवलेल्या प्रती) धरले जातात. 'रेफकोटा'मध्ये फक्त चालू फाइली धरतात. नुसता कोटा लावला तर काय होतं? जागा संपली म्हणून डिझाइनवाले २ टीआयबी जुनी असेंब्ली पुसतात, पण ती स्नॅपशॉटमध्ये अडकलेली असल्यामुळे एक बाइटही मोकळा होत नाही. पुसूनही 'डिस्क फुल' हाच निरोप. म्हणून वापरणाऱ्याला जाणवणारी मर्यादा रेफकोट्याने लावायची आणि स्नॅपशॉटसह एकूण वरची मर्यादा कोट्याने.

वाटप (टीआयबी, रेफकोटा / कोटा / राखीव) :
डिझाइन ३२ / ४५ / ३०
गुणवत्ता २४ / ३२ / २०
लेखा ६ / ९ / ६
मनुष्यबळ ३ / ४ / ३
देवाणघेवाण ०.५ / १ / ०

कोट्यांची बेरीज ९१. ती ९३ च्या आत असल्याने आज राखीव जागेची गरज नाही, हे खरं आहे. तरीही ठेवली. वर्षभरात कुणाचा तरी कोटा वाढवावा लागणारच, आणि त्या दिवशी वाढवणाऱ्याला इतरांचा हिशेब आठवेलच असं नाही. राखीव जागा असली की डिझाइनचा डेटा कितीही फुगला तरी लेख्याच्या ६ टीआयबीला धक्का लागत नाही.

शेवटची ओळ महत्त्वाची. विभागांना एकमेकांना फाइली द्यायच्याच असतात. त्यासाठी अधिकृत जागा ठेवली नाही तर पंधरा दिवसांत कुणीतरी 'आमच्या फोल्डरात त्यांनाही घ्या' म्हणून येणार, आणि भिंतीला पहिलं भोक तिथे पडणार. देवाणघेवाणीत सात दिवसांपेक्षा जुनी फाइल रात्री आपोआप पुसली जाईल. स्टिकी बिट लावलेला आहे, त्यामुळे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही.

५ जून, गुरुवार

पूल तयार. अ‍ॅशिफ्ट १२, म्हणजे ४०९६ बाइटचा सेक्टर. हा नंतर बदलता येत नाही. डेटासेट (पूलमधली एक स्वतंत्र फाइल सिस्टिम) बनवतानाच ठरवायच्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या गोष्टींपैकी महत्त्वाच्या दोन : एन्क्रिप्शन आणि नावांचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं तरी नाव एकच धरणं). यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. आपल्याकडे फाइलींची नावं मराठीत आहेत, त्यामुळे ते 'फॉर्म-डी' ठेवलं. कारण २६ जूनच्या नोंदीत.

बाकी सेटिंग : एक्सॅटर (फाइलीसोबतची जास्तीची माहिती) 'एसए', एसीएल (परवानग्यांची यादी) प्रकार पॉसिक्स, अ‍ॅटाइम (फाइल शेवटची कधी वाचली ही नोंद) बंद.

९ जून, सोमवार

किल्ल्या. प्रत्येक विभाग हा स्वतंत्र एन्क्रिप्शन रूट (स्वतःची वेगळी किल्ली असलेला डेटासेट), पद्धत एईएस-२५६-जीसीएम. एन्क्रिप्टेड डेटासेटच्या पोटात दुसरा डेटासेट बनवताना वेगळी किल्ली दिली नाही, तर तो मुकाट्याने वरच्याचीच किल्ली घेतो. म्हणून चारही डेटासेट थेट पूलखाली बनवले आणि प्रत्येकाचा 'एन्क्रिप्शनरूट' गुणधर्म छापून तपासला.

कशापासून संरक्षण हवं, ते आधी ठरवून किल्ली कुठे ठेवायची हे ठरलं. डिझाइन आणि गुणवत्ता यांच्या किल्ल्या (३२ बाइटच्या कच्च्या फाइली) सर्व्हरच्या बूट डिस्कवर आहेत. बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवताना तिच्यावरचं काही वाचता येऊ नये, एवढ्यासाठी ते पुरतं. अख्खा सर्व्हर उचलून नेला तर पुरत नाही. लेखा आणि मनुष्यबळ यांच्या किल्ल्या यंत्रावर नाहीतच. सर्व्हर चालू झाल्यावर माणसाने द्यायच्या. प्रत सीलबंद पाकिटात, तिजोरीत. किल्ली हरवली तर डेटा गेला, ही गोष्ट दोन्ही विभागप्रमुखांना सांगून त्यांची सही घेतली.

दोन मर्यादा स्पष्ट असाव्यात. किल्ली लावलेली असताना सर्व्हरवरच्या रूटला (सगळे अधिकार असलेल्या प्रशासक खात्याला) सगळं दिसतं. एन्क्रिप्शन हे चालू यंत्रावरच्या प्रशासकाविरुद्धचं कुलूप नाही. आणि डेटासेटची नावं व आकार एन्क्रिप्ट होत नाहीत, म्हणून डेटासेटच्या नावात ग्राहकाचं किंवा माणसाचं नाव घालायचं नाही.

१२ जून, गुरुवार

नेटवर्क. प्रत्येक विभागाला वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) : व्हीलॅन ११० डिझाइन, १२० लेखा, १३० मनुष्यबळ, १४० गुणवत्ता, १९० फक्त ब्लॉक साठवणीसाठी (दुसऱ्या यंत्राला कोऱ्या डिस्कसारखी दिसणारी जागा); १९० ला गेटवे (बाहेर जायचा रस्ता) दिलेलाच नाही. स्विचच्या ट्रंकवर (सगळी व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या तारेवर) नेटिव्ह व्हीलॅन (क्रमांक न लावलेली पॅकेटं जिथे जातात ते) १ काढून न वापरलेला ९९९ ठेवला.

सर्व्हरचा पाय प्रत्येक व्हीलॅनमध्ये आहे, म्हणून खरा धोका सर्व्हरच. आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्यात पुढे पाठवणं) चालू राहिलं तर तोच विभागांमधला राउटर होतो. ते बंद केलं आणि रीबूटनंतर पुन्हा पाहिलं, कारण कंटेनरची काही सॉफ्टवेअर ते स्वतःहून चालू करतात. या सर्व्हरवर कंटेनर चालवायचे नाहीत.

यापेक्षा लपलेली गोष्ट : लिनक्स आपला कुठलाही पत्ता कुठल्याही इंटरफेसवर स्वीकारतो. गुणवत्तेच्या व्हीलॅनमधल्या संगणकाने सर्व्हरच्या लेखा-पत्त्याकडे जाणारा मार्ग हाताने घातला, तर पॅकेट १४० मधून येऊन १२० च्या पत्त्यावर पोचतं. व्हीलॅन बरोबर, फॉरवर्डिंग बंद, आणि तरीही दार उघडं. एनएफटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) नियमात इंटरफेस आणि पत्ता ही जोडी तपासली. जोडी जुळली नाही तर पॅकेट टाकून द्यायचं. सोबत एआरपी-इग्नोअर १, एआरपी-अनाउन्स २, म्हणजे एका इंटरफेसवर दुसऱ्या इंटरफेसच्या पत्त्याबद्दल उत्तर जात नाही.

१९० वर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९०००, म्हणजे जम्बो फ्रेम. तपासणी पिंगने : पेलोड ८९७२ बाइट (आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा), तुकडे करायला मनाई. साधा पिंग चालतो म्हणून जम्बो फ्रेम चालतात असं समजू नये. मधला एक स्विच १५०० वर राहिला असेल तर लॉगिन होतं, आणि पहिल्या मोठ्या वाचनाला सगळं अडकतं.

१६ जून, सोमवार

सांबा (लिनक्सवरून विंडोजला शेअर देणारं सॉफ्टवेअर), डोमेनला (सगळ्यांची लॉगिन एका जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेला. विभागागणिक दोनच गट : वाचणारे आणि लिहिणारे. परवानगी गटाला द्यायची, व्यक्तीला कधीच नाही. प्रत्येक शेअरवर 'व्हॅलिड यूजर्स'मध्ये त्याच विभागाचे दोन गट. 'अ‍ॅक्सेस बेस्ड शेअर इनम' चालू, म्हणजे ज्याला परवानगी नाही त्याला शेअरचं नावही यादीत दिसत नाही.

अडचण गुणवत्ता विभागात. मोजणी यंत्राला जोडलेला एक संगणक विंडोज ७ चा आहे आणि यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ७ ला एसएमबी (विंडोजचा शेअर वापरण्याचा प्रोटोकॉल) २.१ पर्यंतच येतं. सांबातली किमान प्रोटोकॉलची मर्यादा सर्व शेअरना एकच लागते, विभागवार देता येत नाही. ती ३ वर नेली तर मोजणी थांबेल. तोडगा : जागतिक किमान २.१ ठेवलं आणि लेखा व मनुष्यबळ या शेअरवर 'एसएमबी एन्क्रिप्ट' सक्तीचं केलं. एन्क्रिप्शन एसएमबी ३ पासूनच मिळत असल्याने जुना संगणक या दोन शेअरवर आपोआप बाद होतो. तो संगणक आता स्वतंत्र व्हीलॅन १४१ मध्ये आहे आणि फक्त सर्व्हरच्या ४४५ पोर्टवर जाऊ शकतो.

दुसऱ्या एका यंत्रावर एक्सपी आहे, त्याला एसएमबी १ लागतं. ते चालू करायचं नाही, यावर चर्चा नको. मध्ये एक छोटा लिनक्स संगणक ठेवला. यंत्र त्यावर लिहितं आणि सर्व्हर तिथून दर दहा मिनिटांनी उचलतो.

बदलीच्या वेळी लक्षात ठेवायचं : गटात नवं नाव घातलं की त्या माणसाने लॉग आउट करून पुन्हा लॉगिन करायला हवं. उलट बाजू जास्त महत्त्वाची. गटातून नाव काढलं तरी आधीच उघडलेलं सत्र चालूच राहतं. बदलीच्या यादीत 'गटातून काढा' यानंतर 'सत्र तोडा' ही पायरी लिहिली.

१९ जून, गुरुवार

डिझाइनमधली विश्लेषणाची लिनक्स यंत्रं एनएफएसवरून (लिनक्सकडचा फाइली वाटण्याचा प्रोटोकॉल) जोडायची आहेत. साध्या 'सेक=सिस' पद्धतीत सर्व्हर क्लायंटने (जोडणाऱ्या यंत्राने) सांगितलेल्या यूआयडीवर (वापरकर्त्याच्या क्रमांकावर) विश्वास ठेवतो. ज्याच्याकडे स्वतःच्या लॅपटॉपचा रूट आहे, तो हवा तो यूआयडी असलेला वापरकर्ता बनवून त्या नावाने फाइली वाचू शकतो. 'रूट स्क्वॉश'ने हे थांबत नाही. ते फक्त यूआयडी ० ला, म्हणजे रूटला, 'नोबडी' (अधिकार नसलेलं खातं) करतं. शिवाय या पद्धतीत एका माणसाचे १६ च गट पोचतात. सतरावा गट गळतो आणि 'काल चालत होतं' अशी तक्रार येते.

म्हणून कर्बेरॉस (डोमेनकडून मिळालेल्या तिकिटाने ओळख पटवणारी पद्धत), 'केआरबी५पी' : ओळखही तपासली जाते आणि वाटेवरचा डेटाही झाकला जातो. सीपीयूवर भार पडतो, तो मान्य. एनएफएसची आवृत्ती ४.२, पोर्ट फक्त २०४९, फक्त व्हीलॅन ११० वर. कर्बेरॉसला घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. एका यंत्राच्या मदरबोर्डची बॅटरी संपली होती. ती बदलली आणि सगळ्यांना एकाच एनटीपीवर (घड्याळं जुळवणाऱ्या सेवेवर) आणलं.

फाइल सिस्टिमच्या आतला एखादा फोल्डर एक्सपोर्ट करून (एनएफएसवरून वापरायला देऊन) दोन विभागांना भाग देणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. एनएफएस फाइल हँडलवर (फाइलीच्या अंतर्गत ओळखक्रमांकावर) चालतं. हँडल अंदाजाने बनवलं तर त्याच फाइल सिस्टिममधली एक्सपोर्टच्या बाहेरची फाइलही मिळू शकते. एक्सपोर्ट करायची ती अख्खी फाइल सिस्टिम. २ तारखेच्या निर्णयाला हे दुसरं कारण.

उद्या शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात येणार, दिघी आणि दापोडी दोन्हीकडच्या वाहतुकीत बदल आहेत. स्विचची मॉड्यूलं आजच आणून ठेवली.

२३ जून, सोमवार

लेख्याच्या डेटाबेससाठी आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क देणारा प्रोटोकॉल) १ टीआयबीचा ब्लॉक व्हॉल्यूम. पूलवर ८ केच्या व्हॉल्यूम ब्लॉकने करून पाहिला, तर त्याने जागा दुपटीच्या आसपास धरली. हिशेब सरळ आहे. ८ के म्हणजे डेटाचे २ सेक्टर, रेडझेड-२ चे २ पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत उभा करणारी माहिती), एकूण ४. पण वाटप तीनच्या पटीत होतं, म्हणून ६. दोन सेक्टरच्या डेटाला तीनाऐवजी सहा सेक्टर. १६ के ठेवला तर ४ अधिक २, बरोबर ६, वाया काही नाही. ब्लॉकचा आकार मागाहून बदलत नाही. व्हॉल्यूम पुसून पुन्हा बनवावा लागतो.

मात्र हा व्हॉल्यूम या पूलवर ठेवायचाच नाही असं ठरवलं. झेडएफएसमध्ये डेटासेटनिहाय वेगाची मर्यादा नाही. डिझाइनने मोठी असेंब्ली उघडली की त्याच डिस्कवर लेख्याचा डेटाबेस ताटकळतो. कोटा जागा वाटून देतो, वेग वाटून देत नाही. ३.८४ टीबीच्या दोन एसएसडींचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा), वेगळा पूल, त्यावर हा व्हॉल्यूम. पूर्ण जागा राखून ठेवलेल्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्यायला, त्या क्षणी भरलेल्या डेटाइतकी मोकळी जागा वेगळी लागते. १ टीआयबी भरलेला असेल तर एकूण २ लागतात. ३.८४ टीबी म्हणजे ३.४९ टीआयबी, पुरतात.

आयस्कझीत क्लायंट 'आयक्यूएन' नावाने ओळखला जातो. ते नुसतं अक्षरांचं नाव आहे. कुणीही टाइप करू शकतं. शिवाय लिनक्सचं यंत्र क्लोन केलं की आयक्यूएनही क्लोन होतं. म्हणून दोन्ही बाजूंनी चॅप, म्हणजे गुपित शब्दावरून ओळख (विंडोजला १२ ते १६ अक्षरांचं गुपित लागतं), पोर्टल (जोडणी घेणारं दार) फक्त व्हीलॅन १९० च्या पत्त्यावर, पोर्ट ३२६०. चॅप ओळख तपासतं, डेटा झाकत नाही. तेवढ्यासाठीच १९० ला बाहेरचा रस्ता नाही. एकच व्हॉल्यूम दोन विंडोज यंत्रांनी क्लस्टरशिवाय उघडला तर एनटीएफएस बिघडते. एका टार्गेटला एकच क्लायंट.

२६ जून, गुरुवार

कॉपी सुरू. रोबोकॉपीला (विंडोजच्या कॉपी करण्याच्या साधनाला) 'कॉपीऑल' दिलं तर जुन्या परवानग्या नव्या घरात येतील, म्हणजे सगळी मेहनत वाया. फक्त डेटा, गुणधर्म आणि वेळ (डी, ए, टी) घ्यायचे. परवानग्या नव्या डेटासेटकडून वारशाने येऊ द्यायच्या. जंक्शन (दुसऱ्या फोल्डराकडे नेणारे दुवे) वगळले, नाहीतर फेऱ्यात अडकतं.

आता मराठी नावांचा प्रश्न. 'दुसऱ्या पाळीचा अहवाल' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारी शेजारी दिसल्या, अक्षरशः सारख्या. कारण 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो : एकच युनिकोड चिन्ह (०९३१), किंवा 'र' अधिक नुक्ता (०९३० आणि ०९३सी). डोळ्याला एक, विंडोजला दोन वेगळी नावं. नव्या डेटासेटवर फॉर्म-डी असल्याने ही दोन्ही एकच नाव ठरतात. पुढे ते हवंच आहे. पण कॉपी करताना दुसरी फाइल पहिलीवर बसेल आणि कुणाला कळणारही नाही. कॉपीच्या आधी पायथनने सगळी नावं नॉर्मलाइझ करून जोड्या शोधायच्या, विभागाला दाखवायच्या, त्यांनी नाव बदललं की मगच पुढे. 'तऱ्हा', 'गिऱ्हाईक', 'कर्मचाऱ्यांची यादी' : ऱ असलेलं प्रत्येक नाव संशयित.

३० जून, सोमवार

कॉपी काही फाइलींवर अडली. नाव खूप लांब. एनटीएफएसवर २५५ एकक चालतात, इकडे २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्राही चिन्हंच, म्हणून मर्यादा ८५ चिन्हांवर येते. गुणवत्तेत तक्रारीचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहायची पद्धत आहे, तिथे हे अडलं. नावं छोटी करायला त्या विभागालाच सांगितलं. परस्पर कापली तर नंतर शोधता येणार नाहीत.

३ जुलै, गुरुवार

बदल झाला. सगळी शेअर नव्या सर्व्हरवर, जुनं शेअर फक्त वाचण्यासाठी. रोबोकॉपीचं 'मिरर' काम शेड्यूलमधून लगेच काढलं; ते आज रात्री पुन्हा चाललं असतं तर दिवसभरातलं नवं काम 'मुळात नाही' म्हणून पुसून टाकलं असतं.

मग यूपीएससकट वीज काढून रीबूट चाचणी. जे सापडलं ते नोंदवण्यासारखं आहे. मनुष्यबळाची किल्ली अजून दिलेली नसल्याने डेटासेट माउंट झाला नाही (आपल्या फोल्डरच्या वाटेवर जोडला गेला नाही), पण सांबाने त्याच वाटेवरचा रिकामा फोल्डर शेअर म्हणून दाखवला. वापरणाऱ्याला वाटणार फाइली गेल्या. त्याहून वाईट, त्यात लिहिलेल्या नव्या फाइली बूट डिस्कवर, एन्क्रिप्शनशिवाय पडणार, आणि किल्ली दिल्यावर माउंटखाली झाकल्या जाणार. उपाय दोन : डेटासेट माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला अपरिवर्तनीय खूण लावली, म्हणजे रूटलाही तिथे लिहिता येत नाही. आणि शेअर उघडण्याआधी माउंट तपासणारी पूर्वआज्ञा. माउंट नसेल तर जोडणीच नाकारायची. पुन्हा वीज काढून पाहिलं, नाकारलं.

७ जुलै, सोमवार

बॅकअप. बॅकअप सर्व्हर दुसऱ्या इमारतीत आहे आणि तो स्वतः येऊन ओढतो. मुख्य सर्व्हरकडे तिकडचं कुठलंही लॉगिन नाही. मुख्य सर्व्हर कुणाच्या हाती गेला तरी बॅकअप पुसता येऊ नये, म्हणून. पाठवणं कच्च्या स्वरूपात, म्हणजे एन्क्रिप्टेडच. किल्ल्या तिकडे जात नाहीत. झेडएफएसच्या 'सेंड'ची (डेटासेट पाठवण्याच्या आज्ञेची) परवानगी असलेलं खातं एन्क्रिप्ट न केलेला डेटाही काढू शकतं, म्हणून एसएसएच किल्लीला एकच ठरलेली आज्ञा बांधली. महिन्याच्या स्नॅपशॉटवर 'होल्ड'; तो सोडल्याशिवाय स्नॅपशॉट पुसता येत नाही. लेख्याचा एक फोल्डर तिकडे किल्ली लावून परत मिळवून पाहिला, नंतर किल्ली उतरवली.

१० जुलै, गुरुवार

चुकीच्या बाजूने चाचण्या. प्रत्येकीत अपेक्षित उत्तर 'नाही'.

गुणवत्तेच्या लॉगिनने लेख्याचं शेअर पूर्ण वाट टाइप करून : नाकारलं. १४० मधून १२० च्या पत्त्याकडे हाताने मार्ग घालून : पॅकेट गळलं, काउंटर वाढला. स्वतःचा रूट असलेल्या लॅपटॉपवर डिझाइनचा यूआयडी बनवून एनएफएस : तिकीट नसल्याने नाकारलं. दुसऱ्या यंत्रावर लेख्याचा आयक्यूएन टाइप करून : चॅपला अडलं. विंडोज ७ वरून मनुष्यबळ : नाकारलं.

एक चाचणी मात्र 'हो' म्हणाली. डिझाइनमधल्या एका फोल्डरची परवानगी काढून घेतलेल्या लॉगिनने 'प्रीव्हियस व्हर्शन्स' (स्नॅपशॉटमधल्या जुन्या प्रती दाखवणारी विंडोजची सोय) उघडलं, तर तो फोल्डर मिळाला. स्नॅपशॉटमध्ये परवानग्याही त्या दिवशीच्याच असतात आणि तो बदलता येत नाही. विभागाबाहेरच्याला शेअरच्या दारातच अडवलेलं आहे, म्हणून विभागांमधली भिंत शाबूत आहे. पण विभागाच्या आत काही गुप्त ठेवायचं असेल तर फोल्डरचं कुलूप पुरत नाही. नव्या उत्पादनाच्या ड्रॉइंगसाठी डिझाइनखाली वेगळा डेटासेट, वेगळं शेअर, वेगळा गट केला. पुन्हा चाचणी, नाकारलं.

१४ जुलै, सोमवार

सांबाचं 'फुल ऑडिट' चालू : उघडणं, पुसणं, नाव बदलणं, आणि नाकारलेले प्रयत्न. नोंदी लगेच वेगळ्या लॉग सर्व्हरवर जातात. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची संगणक सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. सहा तासांत कोण कुणाला फोन करणार, ते कागदावर लिहून सर्व्हर रूमच्या दाराच्या आत लावलं.

१७ जुलै, गुरुवार

जुनं शेअर बंद. डिस्क काढल्या आणि पूर्ण पुसायला लावल्या. त्यांवर एन्क्रिप्शन कधीच नव्हतं, त्यामुळे किल्ली फेकून भागणार नाही. रेफकोट्याच्या ८० आणि ९० टक्क्यांवर विभागप्रमुखांना मेल जाईल. गुणवत्ता ७८ वर आहे, मोजणीच्या जुन्या प्रतिमा किती वर्षं ठेवायच्या याचं उत्तर त्यांच्याकडून येणं बाकी. चुकीच्या बाजूच्या चाचण्यांची स्क्रिप्ट केली आहे; दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चालेल, पुढची ७ ऑगस्टला.